'१२ वर्षं उरली' हा आकडा आला कुठून?

हवामान बदल रोखा म्हणत शाळा बुडवून रस्त्यावर उतरणाऱ्या पोरांना सगळ्यात जास्त ऐकावं लागलं ते 'आधी अभ्यास करा'. पण अभ्यास तर तिथेच चालला होता.

जुना इतिहास थोडक्यात. २२ एप्रिल १९७० ला अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला, त्यात कॉलेजची पोरं भरपूर होती. १९७७ ला जॉर्जियातल्या (तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या) तिबिलिसीच्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं ठरली, त्यात माहितीसोबत प्रत्यक्ष सहभागसुद्धा होता, वर्गात पोचेस्तोवर त्याचं 'झाडे लावा'चं पोस्टर झालं.

खरी गाडी सुटली २०१८ ला. ऑगस्टमध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर १५ वर्षांची एक मुलगी, ग्रेटा थुनबर्ग, शाळा सोडून एकटीच बसली, ऑक्टोबरमध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाचा, पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याबद्दलचा अहवाल आला आणि १५ मार्च २०१९ ला आयोजकांच्या मते जगभरात दहा लाखांवर पोरं बाहेर पडली. बऱ्याच फलकांवर एकच: '१२ वर्षं उरली', म्हणजे त्यानंतर सगळं संपलं.

घोळ इथे आहे. अहवालात असं काही लिहिलेलं नाहीये. त्यात होतं की १.५ अंशांवर थांबायचं तर कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या मानाने साधारण ४५ टक्के खाली यायला हवं आणि २०५० च्या आसपास नेट झिरो, म्हणजे जेवढा सोडू तेवढा हवेतून काढूनही घ्यायचा. २०३० वजा २०१८, झाले १२. उतारावरच्या खुणेला लोकांनी कडा समजलं. टीकाकारांनी हे बरोबर पकडलं, मान्य, पण त्यांच्यातल्या कितीजणांनी स्वतः अहवाल उघडला होता देव जाणे. पोरांना मात्र 'मग तेराव्या वर्षी काय?' विचारलं की उघडावाच लागायचा. आत भेटायचं कार्बन बजेट, म्हणजे अजून एकूण किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल तो हिशोब: १.५ अंशांवर थांबण्याची ६६ टक्के शक्यता हवी तर २०१८ पासून पुढे ४२० अब्ज टन, ५० टक्क्यांवर भागवलं तर ५८०, आणि समुद्रावरच्या हवेऐवजी पाण्याचं तापमान धरलं तर तेच ४२० चे ५७० होतात. शक्यता म्हणजे काय, मोजायचं काय आणि कुठे, सगळं त्या एका परिच्छेदात.

आयपीसीसीच्याच २०२१ च्या अहवालात या बजेटचा आकडा आला ४०० अब्ज टन, ६७ टक्क्यांसाठी, २०२० पासून पुढे. दरवर्षी ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतोय, मधे दोन वर्षं गेली, मग कमी फक्त २० कसे? हिशोबाची पद्धत मधल्या काळात सुधारली होती. हे कोडं पडलं ते वजाबाकी करून बघणाऱ्यांनाच.