फॅशन फोटोग्राफीला लाखाचा कॅमेरा लागतोच का?

‘जास्त मेगापिक्सेलचा महागडा कॅमेरा नसेल तर फॅशन फोटोग्राफीत शिरूच नका’ हा समज जुना आहे, आणि दुकानातले आकडे पाहिले की खराही वाटतो.

हिशोब करून पाहू. ए-४ आकाराचं मासिकाचं पान 300 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके) छापायला 2480 गुणिले 3508, म्हणजे साधारण 87 लाख पिक्सेल लागतात. जुना 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे 120 लाख पिक्सेलचा कॅमेराही तेवढे देतो. (होर्डिंग लांबून बघतात, तिथे डीपीआय आणखी कमी चालतो.)

खरा फरक उजेडाचा. पैठणी नेसलेल्या बहिणीला खिडकीशेजारी उभं करा, अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरून फोटो काढा. मग थर्माकोल बाजूला करून दुसरा. पदराच्या चुण्या कुठे दिसतात आणि कुठे काळोखात बुडतात, ते बघा. कॅमेरा दोन्हींत तोच आहे. मोठं काम आलंच, तर चांगली लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते.