रॅम घेण्याआधी सीपीयू दुकानात आणा

"भाऊ, ४ जीबीची रॅम आहे का?" असा फोन रोज येतो. आहे. पण कॉम्प्युटरच्या आतला बोर्ड (मदरबोर्ड) कोणता ते कळल्याशिवाय आम्ही देत नाही. न पाहता दिलेली रॅम दुसऱ्या दिवशी परत येते.

बरेच जण मोबाइलवरून मागवतात आणि वेगाचा आकडा १३३३ पेक्षा १६०० मोठा म्हणून तीच घेतात. १३३३ च्या बोर्डात १६०० ची रॅमची पट्टी १३३३ नेच चालते. दोन वेगवेगळ्या लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीने. मग जास्तीचे पैसे कशाचे?

खरी अडचण वेगळीच आहे. झेरॉक्सवाल्यांकडे, सेवा केंद्रांत अजून इंटेलचे जुने जी४१ चे बोर्ड पुष्कळ आहेत. त्याला डीडीआर३ (रॅमचा प्रकार, डीडीआर२ च्या पुढचा) ची ४ जीबी पट्टी १६ चिपांची (काळ्या चौकोनांची) लागते, दोन्ही बाजूंना आठ-आठ. स्वस्तातली नवी पट्टी ८ चिपांचीच असते, ती लावली की बहुधा डिस्प्लेच येत नाही. पट्टी खराब नसते, बोर्डही खराब नसतो. म्हणून घेण्याआधी काळे चौकोन मोजा. 'फक्त एएमडीसाठी' (ही इंटेलसारखीच दुसरी कंपनी) असं लिहिलेली पट्टी १६ चिपांची असली तरी इंटेलच्या बोर्डाला घेऊ नका.

डीडीआर२ आणि डीडीआर३, दोन्हींना २४० पिना. खाच मात्र वेगळ्या जागी. पट्टी बसत नसेल तर अंगठ्याने दाबू नका हो! मागच्या महिन्यात एक मशीन स्लॉटची कडी मोडूनच आलं.

बाहेरून आणलेली रॅम तपासायचे आम्ही १०० रुपये घेतो. काहींना ते टोचतं. पण मेमटेस्ट या रॅम तपासायच्या प्रोग्रामची एक फेरी अर्धा-पाऊण तास खाते, आणि मधे लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. रॅम आमच्याकडून घेतली तर तपासणी फुकट. तपासलेल्या जुन्या पट्ट्याही आहेत, महिनाभरात बिघडली तर बदलून देतो.

विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबी टाकूनही सव्वातीन-साडेतीनच वापरात येते. आधी ६४ बिट टाका म्हणतो ते त्यासाठी.

आणि पुष्कळदा नवी रॅम लागतच नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगकडची मशीनं तंतूंनी भरून येतात. पट्टी काढून तिची सोनेरी कडा खोडरबरने पुसली की मशीन चालू करताना होणारी पीं-पीं थांबते. एवढ्याचे पैसे घेत नाही.

मॉनिटर, कीबोर्ड आणू नका, नुसता सीपीयू पुरे. गाडीवर मागच्याने मांडीवर धरावा, डिक्कीला दोरीने बांधू नये. जुनी पट्टी काढली असेल तर तीही सोबत आणा. सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी अकराच्या आत या.