ओली फळी, फिरतं पातं

पाटासाठी फणसाची फळी उभी चिरत होतो. सव्वा इंच जाड, मधोमध सुरेख पिवळा गाभा. मालवणजवळच्या आमच्या घराच्या पडवीत दोन चिऱ्यांवर ती आडवी टाकली होती आणि हातात मार्बल कटर होता. म्हणजे फरशी कापायचं यंत्र; आपल्याकडे त्यालाच लाकडाचं पातं लावून सर्रास फळ्या चिरतात. वीतभर चीर गेली असेल नसेल, मोटरचा आवाज जड झाला आणि कटर हातातून उसळला. उजव्या मांडीजवळून मागे गेला आणि खांबावर आपटला. चालू ठेवायचं लॉकचं बटण मी आधीच दाबून ठेवलेलं, त्यामुळे खाली पडल्यावरही तो थांबेना, जमिनीवर गरगरत राहिला. शेवटी बायकोने प्लग उपटला. पँटला तीन बोटं चीर पडली होती, मांडी शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी वाडीतले जुने मेस्त्री फळी बघायला आले. चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ह्या अजून वला असा. पाचर खय मारलंस?”

म्हणजे फळी अजून ओली आहे, चिरेत पाचर कुठे मारलीस? माझ्या अपघाताचं सगळं विज्ञान या एका प्रश्नात होतं, ते मला नंतर वाचून कळलं.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. झाड तोडल्यावर आधी मोकळं पाणी जातं. तेव्हा फळी हलकी होते, पण तिचा आकार बदलत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून लाकूड आक्रसायला सुरुवात होते. आक्रसतं तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने मात्र गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून फळीला पीळ पडतो, ती पन्हाळीसारखी वाकते. आणि फळी बाहेरून आधी वाळते, आतून मागाहून. बाहेरचा थर आखडू बघतो, आतला ओला थर त्याला आखडू देत नाही. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या फळीच्या पोटात अशी रस्सीखेच चालू असते.

त्यात आपल्याकडची झाडं. उतारावर वाढलेला, समुद्राच्या वाऱ्याने कलंडलेला फणस स्वतःला सावरण्यासाठी कलाच्या वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार करतो. त्या लाकडाचे तंतू ताणलेल्या दोरीसारखे झाडाला मागे खेचत असतात. झाड पडलं तरी तो ताण फळीत राहतो.

अशा फळीत चीर पाडली की रस्सीखेचीचा तोल जातो. कधी चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात; मग काही बिघडत नाही. कधी त्या मिटतात आणि पातं दोन्हीकडून आवळलं जातं. हातकरवत असेल तर अडकते, मेस्त्री शिवी हासडतात, चिरेत पाचर ठोकतात आणि पुढे कापतात. लाकूड चिरणाऱ्या सुताराची पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. ते माकड मेलं ते याच मिटणाऱ्या चिरेने.

यंत्राच्या बाबतीत अडकून भागत नाही. माझ्या कटरचं पातं ११० मिलिमीटरचं आणि वेग मिनिटाला १३,००० फेऱ्यांचा. हिशोब केला तर पात्याचा दाता सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावतो. हातातल्या यंत्राचं पातं लाकडात खालच्या बाजूने पुढे जातं. लाकडाने ते धरलं की पुढे जायचं ते बळ उलटतं आणि अख्खं यंत्र मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. टेबलावर बसवलेल्या करवतीत यंत्र पक्कं असतं, म्हणून तिथे फळीच अंगावर उडते. माणसाला काही दिसून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात माझ्या पात्याच्या ५० हून जास्त फेऱ्या होतात. ‘मी सावध असतो’ म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. मीही तेच म्हणत होतो.

चांगल्या टेबल करवतीत पात्याच्या मागे, पात्याच्याच रेषेत, एक पातळ पोलादी पट्टी असते. चीर मिटू लागली तर ती पट्टीवर अडते, पात्यापर्यंत पोचत नाही. यंत्रातच बसवलेली मेस्त्र्यांची पाचर! बहुतेक ठिकाणी मात्र ती ‘आडवी येते’ म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेली दिसते. (गोष्टीतलं माकड आठवतं.) मार्बल कटरला अशी पट्टी नसतेच, कारण तो लाकडासाठी बनलेलाच नाही. ग्राइंडरला, म्हणजे लोखंड घासायच्या हातातल्या यंत्राला, लाकडाचं पातं लावणं त्याहून वाईट. ते करूच नये. कटर वापरायचाच असेल, तर पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नाही ना हे बघावं, पातं फळीच्या खाली जेमतेम एक दाता दिसेल इतकंच उतरवावं आणि दर वीतभर चिरेमागे पाचर घालावी. फळी आडवी कापताना दोन टोकांना टेकू देऊन मधोमध कापू नये. दोन्ही तुकडे मध्ये झुकतात आणि सुक्या लाकडाची चीरही मिटते. यंत्राच्या थेट मागे उभं राहू नये. हातमोजे घालू नयेत. पातं मोज्याचा धागा पकडतं आणि हात ओढून घेतं.

बोट लागताच थांबणारी करवतही आहे. अमेरिकेत स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या वकिलाने १९९९ च्या सुमारास तिची कल्पना काढली. पात्यात बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. माणसाचं शरीर तो ओढून घेतं, तो बदल ओळखून अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि सुमारे ५ मिलिसेकंदांत पातं थांबतं. गंमत म्हणजे फार ओलं लाकूडही वीज वाहून नेतं, त्यामुळे ही करवत कधीकधी ओल्या फळीलाच बोट समजते. तिच्या लेखीही मेस्त्र्यांचाच मुद्दा बरोबर ठरतो.

किनाऱ्याचे आणखी दोन त्रास. मीठ ७५ टक्क्यांहून जास्त दमट हवेत आपणहून पाणी ओढून घेतं, त्यामुळे पात्यावरच्या झाकणाच्या स्प्रिंगवर बसलेला खार पावसाळाभर ओलाच राहतो. स्प्रिंग गंजते आणि झाकण उघडंच अडकतं. दुसरा त्रास विजेचा. लाईट जाते, लॉकचं बटण दाबलेलं राहतं, आपण चहाला जातो. लाईट आली की यंत्र एकटंच सुरू होतं. लाईट गेली की आधी प्लग काढायचा, हा आता आमच्या घरातला नियम आहे. पडवीतल्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून यंत्र चालवणाऱ्यांना त्याची गरज जास्त.

भुश्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुश्याला १९९५ पासून कर्करोगकारक ठरवलं आहे, नाकाच्या कर्करोगासाठी. तोंडाला बांधलेला पंचा बारीक धूळ अडवत नाही, एन ९५ मास्क अडवतो. सागाच्या भुश्याने काहींच्या अंगाला खाज सुटते. आंबा तर काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातला. ज्यांना काजूच्या सालीचं तेल बाधतं त्यांनी आंब्याचं लाकूड घासताना जपावं.

आता ओल कशी ओळखायची? हवेत वाळवायला इंचभर जाडीला एक वर्ष, असा ढोबळ हिशोब सांगतात. कोकणात त्या वर्षात पावसाचे चार महिने धरू नका, कारण लाकूड हवेशी जुळवून घेतं. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर ते १३-१४ टक्के ओलीवर स्थिरावतं, जुलैत १८ ते २० टक्क्यांकडे जातं. फूटभर रुंद सागाची फळी एवढ्या फरकाने तीन-साडेतीन मिलिमीटर फुगू शकते. पावसात दार बसत नाही ते यामुळेच. ओल मोजायचं मीटर मिळतं, पण मी साधा तराजू वापरतो. दर रविवारी फळी तोलायची आणि वजन तिच्याच पाठीवर पेन्सिलीने लिहायचं. उन्हाळ्यात सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, की ती कापायला तयार.

पाटासाठी आणलेली दुसरी फळी आता त्याच खांबाला टेकवून ठेवली आहे. मे अखेरीस तिच्या पाठीवर ५ किलो १०० ग्रॅम लिहिलं होतं. काल पुन्हा तोलली, ५ किलो ३०० भरली. गणपतीला नवा पाट होत नाही. शिमग्यानंतर बघू.