तसबिरीत काच व पाठ बसवणे

लाकडी चौकटीच्या मागच्या खाचेत काच, चित्र आणि पाठीचा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड एकावर एक ठेवून ते निसटणार नाहीत असे अडकवण्याचे काम. चौकट हाताने घडवलेली आणि सागवान-शिसवीची असेल, तर खरी कसोटी इथेच लागते.

मऊ लाकडात चूक (म्हणजे बारीक खिळा) दोन टोल्यांत बसते. सागवानात ती वाकते. जोर केला तर 45 अंशांत जुळवलेला कोपरा उघडतो, नाहीतर काच तडकते. म्हणून आधी चुकेपेक्षा किंचित बारीक भोक पाडतात. तेवढे बारीक ड्रिल नसेल तर एका चुकेचे डोके छाटून तीच मशीनमध्ये धरावी. मग चुकेला मेण किंवा साबण लावून ती पाठीला समांतर, पकडीने दाबत सारतात: पकडीचा एक जबडा चुकेच्या डोक्यावर, दुसरा चौकटीच्या बाहेरच्या कडेवर. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घेतला नाही तर पॉलिशवर दात उमटतात. दर 8-10 सेंमीवर एक चूक पुरते. चित्र वरचेवर बदलायचे असेल तर स्क्रूवरच्या पितळी फिरक्या बऱ्या.

काच खाचेपेक्षा लांबी-रुंदीला 2-3 मिमी कमी कापतात. नाशिकला पावसाळ्याची ओल आणि नंतरची कोरडी थंडी यांत लाकूड रुंदीला फुगते-आटते, पुठ्ठाही फुगतो. काच मात्र आहे तेवढीच राहते. चित्र काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) हवा, नाहीतर ओलीत फोटो काचेला चिकटतो आणि मग सुटा होत नाही.

सप्तशृंगी देवीच्या तसबिरीचे दुखणे वेगळे. काचेवर गंध लागते, रोज ओले फडके फिरते, ओघळ खालच्या कडेतून आत शिरतो आणि चित्राच्या तळाला तपकिरी लाट उमटते. फडके पिळून घेणे हाच त्यावर उपाय. जुन्या तसबिरींत पाठीला खोक्याची फळी असते; लाकडातल्या आम्लाने तिच्या रेषा आणि गाठीसुद्धा कागदावर उतरलेल्या दिसतात. तिथे आम्लमुक्त पुठ्ठा घालावा.

शेवटी धूळ आणि कसर आत जाऊ नये म्हणून मागे खाकी कागद चिकटवतात. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की तसबीर भिंतीपासून सुटी राहते. जुन्या नाशिकातल्या वाड्यांच्या ओल धरणाऱ्या भिंतींवर ते लागतातच.