पटकथेचा आराखडा आणि कथानकाची तर्कदुरुस्ती

पटकथा प्रत्यक्ष लिहिण्याआधी तिच्यातील घटना, त्यांची कारणे आणि पात्रांचे निर्णय थोडक्यात मांडून पाहणे म्हणजे आराखडा करणे. त्या मांडणीत कार्यकारणाचा दुवा जिथे तुटतो तिथे तो सांधणे म्हणजे तर्कदुरुस्ती. चित्रपटाच्या रोजच्या बोलीत पहिल्या कामाला ‘वनलाइन काढणे’ म्हणतात. दुसऱ्याला पक्के नाव नाही. नॅरेशनच्या, म्हणजे कथा तोंडी सांगून दाखवण्याच्या, बैठकीत कोणीतरी ‘इथे लॉजिक बसत नाही’ म्हणतो आणि ते काम सुरू होते. ही कामे सांगायला दोन असली तरी करताना वेगळी राहत नाहीत, कारण आराखडा मांडल्याशिवाय भोक, म्हणजे तुटलेला दुवा, दिसत नाही आणि भोक बुजवले की आराखडा हलतोच.

वनलाइनमध्ये प्रत्येक सीन एका-दोन ओळींत लिहितात. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. त्यामुळे दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा १२० पानांच्या आसपास जाते आणि तिच्यात साधारण ५० ते ७० सीन बसतात. अनेक लेखक दर सीनला एक कार्ड करून ती जमिनीवर ओळीने मांडतात. कार्डावर कोण, कुठे, केव्हा, कोणाला काय हवे आहे आणि सीन संपताना काय बदलले, एवढे लिहिले तरी पुरते. शेवटची जागा कोरी राहिली, तर तो सीन कितीही देखणा असो, काढला तरी कथेचे काही अडत नाही.

लागोपाठच्या दोन कार्डांमध्ये कोणता शब्द बसतो, ही जुनी आणि भरवशाची कसोटी आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर दुवा आहे. ‘आणि मग’ एवढेच बसत असेल, तर घटना नुसत्या एकीमागून एक उभ्या आहेत. एका गोष्टीनंतर दुसरी घडणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतला फरक ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या चर्चेत केला होता. कथेची उकल कथेतूनच व्हावी, वरून यंत्राने देव उतरवून होऊ नये, हेही त्यानेच सांगितले.

हे काम कसे चालते ते उदाहरणाशिवाय कळत नाही. समजा, निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार आहे. व्यापारी त्याचा माल उचलतो, पैसे बुडवतो आणि बागायतदाराची मुलगी वसुलीला निघते. शेवट गोदावरीच्या पुरात व्हावा असे लेखकाच्या मनात आहे: नाशकात नदीपात्राशी उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले आहे आणि मुलगी कागदांची पिशवी छातीशी धरून चालली आहे. पहिल्या वनलाइनमध्ये २२ वा सीन काढणीचा, २३ वा पुराचा, आणि मध्ये लिहिले आहे, ‘दोन दिवसांनी’.

नाशिकचा प्रेक्षक इथेच अडेल. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल तयार व्हायला साधारण चार महिने लागतात आणि काढणी मुख्यतः जानेवारी ते एप्रिल चालते. गोदावरीला पूर येतो तो पावसाळ्यात, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की. अवकाळी पाऊस घालून हे बसवण्याचा मोह होतो, पण अवकाळीने बाग मातीत जाते, दुतोंड्या बुडत नाही.

पूर सोडवत नसेल, तर मधल्या चार-पाच महिन्यांत काय झाले याचे उत्तर द्यावे लागते, आणि तिथेच कथा श्रीमंत होते. व्यापाऱ्याने रोख दिले नाहीत. ३० एप्रिल तारखेचा चेक दिला. तारीख उलटल्यावर ‘थोडं थांबा’ म्हणाला आणि वडील भिडेखातर मेच्या मध्यापर्यंत थांबले. मग चेक भरला आणि तो परत आला. पुढचे वेळापत्रक परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ आणि १४२ मध्ये तयारच आहे: चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, आणि तेही गेले की तक्रार दाखल करायला एक महिना. मेच्या मध्याला परत आलेल्या चेकची नोटीस जूनच्या मध्यात गेली, तर शेवटची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीला येते. ऐन पुराचे दिवस. लेखकाने ओढूनताणून आणलेला पूर आता कॅलेंडरने आपल्या पायांनी येतो.

दुसरे भोक भूगोलाचे. मुलगी पंचवटीत अडकली आहे, कोर्ट नदीपलीकडे सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आहे आणि रामसेतू हा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला आहे. नाशकात राहणारा कोणीही म्हणेल, महामार्गावरून द्वारका चौकाला वळसा घालून जा. तिसरा प्रश्न वकील काढेल: उशिराला पुरेसे कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते, आणि पुराहून सबळ कारण कोणते? चौथाही त्याचाच: चेक ज्या खात्यात भरला ते खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात तक्रार चालते, मग मुलगी निफाड सोडून नाशकात का आली?

इथे नवशिका लेखक उरलेल्या तीन भोकांना तीन ठिगळे लावतो. पूल पोलिसांनी बंद केला, मोबाइलची रेंज गेली, वकील गावाला गेला. प्रत्येक ठिगळ ‘असं होऊ शकतं’ या सदरात बसते आणि सगळी मिळून कथा खोटी वाटू लागते. भोक जिथे दिसते तिथे बुजवायचे नसते. मागे जायचे असते. आपल्या उदाहरणात १४ व्या सीनपर्यंत मागे गेलो तर तिथे मामा आहे, नाशकातल्या नदीकाठच्या भांडी बाजारात दुकान असलेला. वडिलांवर आधीचे कर्ज आहे, गावातल्या बँकेत चारचौघांत तोंड दाखवायला नको म्हणून त्यांनी मामाच्या दुकानाजवळच्या शाखेत खाते काढले आणि परत आलेला मूळ चेकही त्याच्याच गल्ल्यात ठेवला. पुराचे पाणी भांडी बाजारात शिरते, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. आता पूल खुला असो, मुदत माफ होवो, मुलीला पाण्यात उतरावेच लागते, कारण तिचा मुख्य पुरावा त्या गल्ल्यात भिजतो आहे. वडिलांची लाज या एका बदलाने शहर, कोर्ट आणि पूर हे तीनही प्रश्न सुटतात, आणि ती लाज कथेच्या गाभ्यातलीच आहे. चांगली दुरुस्ती बहुधा अशी स्वभावातून निघते, परिस्थितीतून क्वचित.

योगायोगाबाबत प्रेक्षक उदार असतो, पण एकाच दिशेने. पात्राला संकटात ढकलणारा योगायोग तो मान्य करतो. सोडवणारा योगायोग त्याला फसवणूक वाटतो.

सर्वांत चोरटी चूक मात्र माहितीची असते. ३१ व्या सीनमध्ये मुलगी व्यापाऱ्याच्या गावाचे नाव घेते, पण ते तिला सांगणारा सीन तिसऱ्या ड्राफ्टमध्ये उडालेला असतो. लेखकाला नाव ठाऊक असल्याने त्याच्या नजरेतून ही चूक निसटते. यासाठी वहीचे पान आडवे धरून वर पात्रांची नावे आणि डावीकडे सीनचे आकडे लिहावेत, आणि कोणाला काय कधी कळले ते चौकटींत भरावे. काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

तर्क म्हणजे वास्तवाची नक्कल नव्हे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशकात चित्रपट उभे करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. प्रेक्षकांनी ते स्वीकारले. पौराणिक कथेत मारुती उडाला तर कोणी विचारत नाही. तो उडू शकत असताना चालत का गेला, हे मात्र विचारतात. कथेने सुरुवातीला घालून दिलेले नियम तिनेच मोडले की तर्क तुटतो. शिवाय ‘लंकादहन’ची कथा प्रेक्षकाला पाठ होती, सांगायचे राहिलेले दुवे तो मनात भरून घेई. आजच्या सामाजिक चित्रपटाच्या लेखकाला ही उधारी मिळत नाही.

नाशकात पटकथेकडे वळणारे अनेक जण नाटकाकडून येतात. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकरांच्या या गावात ते स्वाभाविकच आहे. कुसुमाग्रजांनी स्वतः १९३६ मध्ये नाशिकच्या गोदावरी सिनेटोनसाठी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली. रंगमंचावर पात्र बाहेरून धावत येऊन ‘बाजारात पाणी शिरलं!’ म्हणाले की घटना घडते. पडद्यावर त्याच वाक्याने ती टाळल्यासारखी वाटते. म्हणून नाटकवाल्यांच्या वनलाइनमध्ये ‘कळते’, ‘समजते’, ‘सांगतो’ ही क्रियापदे शोधावीत. बरीच भोके तिथेच सापडतात.

आराखडा पक्का झाल्यावर तो त्या-त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. आपल्या उदाहरणातल्या व्यापाऱ्याने धुळवडीला जुन्या नाशकात रंगाच्या गर्दीतून निसटावे असे लिहिले असेल, तर तिथला माणूस लगेच सांगेल की इथला रंग रंगपंचमीचा, रहाडींतला, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांतला. बागायतदार वेगळ्या जागी अडेल. पाचव्या सीनमध्ये मुलगी नुकतेच औषध मारलेल्या बागेतला घड तोडते आणि तिथेच द्राक्षे खाते. तो म्हणेल, आमची पोर असं करणार नाही. मग लेखकाला पाचव्या सीनचे कार्ड उचलून पुन्हा लिहावे लागते, आणि मुलगी कोण आहे हे पहिल्यांदा नीट दिसते: ती घड हातात घेते, काड्यापेटीएवढी जागा पुसून मणी दाबून पाहते आणि वडिलांना विचारते, फवारणीला किती दिवस झाले.