क्रिकेट आधी पैशापासून दूर होतं?

‘इंग्लंडचे उमराव निव्वळ हौसेपोटी क्रिकेट खेळायचे, पैसा आणि सट्टा नंतर शिरला,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. तो खरा वाटणं साहजिक आहे. ‘सभ्य माणसांचा खेळ’ हे तर आपण लहानपणापासून ऐकतो.

पण अठराव्या शतकातले सामने पाहा. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या नोल वाड्याचा मालक, डॉर्सेटचा ड्यूक, हा क्रिकेटचा मोठा आश्रयदाता. त्याने सेव्हनओक्सचं मैदान गावाला दिलं, हे खरंच. पण अशा उमरावांचे सामने मोठ्या पैजांवर, कधी हजार गिनींवर (गिनी म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) होत. म्हणून चांगला गोलंदाज माळी म्हणून, फलंदाज शिकारीच्या रानाचा राखणदार म्हणून पगारावर ठेवला जाई. (बागेकडे किती लक्ष जाई, कोण जाणे!)

पडताळायचं असेल, तर 1774 ची नियमावली वाचा. ती ठरवणाऱ्यांत हा ड्यूकही होता, आणि तिच्यात पैजांचे वेगळे नियम आहेत: दोन खेळाडूंच्या धावांवर पैज असेल, तर दोन्ही डाव धरायचे. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतही पैजेची रक्कम छापलेली सापडते. हौशी आणि पगारी हा अधिकृत भेद मात्र इंग्लंडमध्ये 1962 पर्यंत टिकला.