एकटा असता तर थांबला असता

तलवारीनं केक कापणारी पोरं खानदेशाला आता नवी राहिली नाहीत. मोटारसायकलच्या सीटवर केक, हवेत स्प्रेचा फेस, आठ-दहा मोबाइलचे टॉर्च आणि मागं कुठल्या तरी 'भाऊ'च्या नावाचा जयघोष. मग स्टेटस, मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, मग गल्लीतून काढलेली धिंड, आणि तिचाही व्हिडिओ. मागच्या महिन्यात अशाच एका केकच्या डावीकडे उभा असलेला पोरगा मी ओळखला. वय सतरा. अकरावीला माझ्याकडे जीवशास्त्राला होता. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड वर्गात सगळ्यांत स्वच्छ त्याची यायची.

स्टाफरूममध्ये दोनच मतं होती, 'संस्कार नाहीत' आणि 'ठेचले पाहिजेत'. मी त्याच्या घरी गेलो. आई कापूस वेचून नुकतीच आली होती. ओट्यावर बसून, बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांना खोबरेल चोळत होती. म्हणाली, "सर, घरमा तो असा नही शे."

सगळ्याच आया असं म्हणतात, म्हणून आपण मनात हसतो. पण ती बाई शब्दशः खरं बोलत होती, आणि ते कसं हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ जणांना गाडी चालवायचा एक खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की पुढं कुठल्याही क्षणी भिंत उभी राहू शकते. जितकं पुढं जाल तितके गुण जास्त, धडकलात तर कमावलेलं गेलं. निम्मे लोक एकटे खेळले, निम्म्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोन मित्र बसवले. २४ च्या पुढच्यांना मित्र असल्या-नसल्यानं काही फरक पडला नाही. १८ ते २२ वयाच्यांनी मित्रांसमोर साधारण दीडपट धोका पत्करला आणि १३ ते १६ च्या पोरांनी दुप्पट. एकटी खेळणारी याच वयाची पोरं मात्र मोठ्यांइतकीच जपून खेळत होती. घरमा तो असा नही शे!

याचं कारण शोधायला २०११ मध्ये त्याच विद्यापीठात जेसन चाइन आणि सहकाऱ्यांनी पोरांना एमआरआय यंत्रात झोपवून असाच खेळ खेळायला लावला. मित्र शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत होते. मित्र बघताहेत एवढं कळल्यावर किशोरांच्या मेंदूत व्हेंट्रल स्ट्रायाटम हा खोलवरचा भाग जास्त पेटला. बक्षिसाची किंमत ठरवणारी ही जागा. कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागात मित्रांमुळे तसा फरक दिसला नाही. म्हणजे कासरा सैल झाला नव्हता, बैलाला पेंडीचा वास आला होता.

इथं जरा खोलात जातो, कारण ही यंत्रणा मला फार आवडते. मध्यमेंदूतल्या काही चेतापेशी डोपामिन सोडतात. डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं मोबाइलवर फिरतं, ते ढोबळ आहे. या पेशी हिशेब ठेवतात: किती मिळेल वाटलं होतं आणि किती मिळालं. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की त्या जोरात ठिणग्या सोडतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर फारशा हलत नाहीत, कमी मिळालं तर गप्प होतात. त्या ठिणग्यांनी स्ट्रायाटममधले जोड घट्ट होतात आणि आत्ता केलं ते पुन्हा करावंसं वाटतं. वयात येताना ही व्यवस्था तापलेली असते, आणि मित्राची कौतुकाची नजर हेच त्या वयात मोठं बक्षीस असतं. त्यात मित्रांपुढं बाकीची बक्षिसंही मोठी दिसायला लागतात. दुसरीकडे, कपाळामागच्या भागाला उरलेल्या मेंदूशी जोडणाऱ्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढायचं काम अजून चालू असतं. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो, जाड वेष्टणाच्या तंतूतून १०० मीटरपर्यंत. पिवळ्या सिग्नलला हा फरक महागात पडतो. (इथं माझा अकरावीचा वर्गही खिडकीबाहेर बघायला लागतो, त्यामुळं तुम्हाला दोष नाही.)

हे माणसापुरतंच नाही. २०१४ च्या एका प्रयोगात किशोरवयीन उंदीर सोबत्यांबरोबर असताना एकट्यापेक्षा जास्त दारू प्यायले. प्रौढ उंदरांना सोबतीचा फरक पडला नाही. आता उंदरांना ना संस्कार, ना इन्स्टाग्राम.

तर या पोराच्या उंबऱ्यावर लिंबू टांगलेलं होतं, भगतानं दिलेलं. आमच्या एका पदवीधर सहकाऱ्यानं साडेसाती काढली. सुशिक्षितांची तिसरी तऱ्हा म्हणजे 'रक्तातच असतं'. १८७६ साली इटलीत लोम्ब्रोझोनं कवटी आणि जबडा पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं पुस्तक लिहिलं होतं. ते केव्हाच खोटं ठरलं, आपण मात्र अजून आडनावावरून तेच करतो. आणि 'मेंदू बरोबर पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो' हेही लिंबूच समजा. ही वाढ विशीभर हळूहळू चालते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा.

मला खरा धक्का दिला तो २०१६ च्या प्रयोगानं. १८ ते २२ वयाच्या पोरांच्या गटात संशोधकांनी २५ ते ३० वर्षांचा एकच माणूस बसवला. त्याच्या नुसत्या असण्यानं पोरं एकटी असताना करतात तसे, सावध निर्णय घेऊ लागली.

कट्ट्यावरची ही जागा रिकामी राहत नाही. आपण बसलो नाही तर तिथं भाऊ बसतो. तोही अठ्ठावीस-तीसचाच असतो, नाश्ता देतो, पेट्रोल भरतो, नावानं हाक मारतो. फक्त तो आग विझवत नाही, लावतो. कायद्याला हे माहीत आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८३ नुसार बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. धिंडीचे व्हिडिओ मी ढिगानं पाहिले, या कलमाची बातमी माझ्या तरी वाचनात आली नाही.

धिंडीचं म्हणाल तर, आमचा पोरगा अल्पवयीन म्हणून तीतून सुटला. पण तो घरात लपून बसला नव्हता. गर्दीत उभा राहून मोबाइलवर शूट करत होता. लंगडत चाललेल्यांपैकी एकानं त्याच्या कॅमेऱ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. प्रेक्षकांमुळं पेटणाऱ्या मेंदूला आपण गल्लीभर प्रेक्षक जमवून दिले. धाक दाखवून पोरं सुधारतात का, हे अमेरिकेत तपासून झालंय. १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमात घ्यायची पद्धत गाजली. पुढं अशा नऊ चाचण्या एकत्र तपासल्या, तर तुरुंग पाहून आलेल्या पोरांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले होते.

करुणा म्हणजे माफी नव्हे. याच टोळीच्या वारानं ज्याच्या दंडावर चौदा टाके पडले तोही एकोणीस वर्षांचाच आहे, आणि त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडलं तसं, बहुतेकांचा गुन्ह्याचा काळ वयाबरोबर सरतो. मधेच एखादी केस, जखम किंवा व्यसन अडकवून ठेवतं ते वेगळं. तेवढा काळ पोराला धरून ठेवायचं असतं.

आमच्या अमळनेरात १९२४ साली साने गुरुजी शिक्षक म्हणून आले, तेव्हा चोविशीत होते. १९३० पर्यंत राहिले आणि वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं हे स्वतः करत. त्यांच्याकडे एमआरआय नव्हतं. पण वय बघा: चोवीस ते तीस.

माझं वय बावन्न. मी कट्ट्यावर गेलो की पोरं मोबाइल खिशात घालून 'नमस्कार सर' म्हणतात आणि सगळं गप्प. म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याला गळ घातली. अठ्ठावीसचा आहे, गॅरेज चालवतो. आता हा पोरगा संध्याकाळी त्याच्याकडे पंक्चर काढतो, आणि सोबत आणखी तिघं येऊन बसतात.

परवा थंडीत त्यांनी शेतात भरताची पार्टी केली, मलाही बोलावलं. काटक्यांच्या जाळावर वांगी फुटत होती. नऊ वाजले असतील. एकानं बायपासवर लाइट बंद करून गाडी पळवायची पैज काढली, दोघं लगेच उठले. आमचा पोरगाही उठला. चावी त्याच्याच हातात होती.

गॅरेजवाल्यानं मान वर केली नाही. गरम वांग्याचं साल काढता काढता म्हणाला, "क्लच प्लेट गेलीय तिची. बस, मिरच्या भाज."

तो बसला. गाडीची क्लच प्लेट चांगली होती, हे मला नंतर कळलं.